सूत्रं घोकू नकोस गं, जुळव

अगं, संयुगांच्या सूत्रांची ती लांबलचक यादी आधी मिटव बघू. घोकून ठेवलेला तो छोटा २ पेपरात नेमका कुणाला लावायचा, इथेच सगळ्या गोंधळतात. खरं सांगू का, पाठ करायच्या त्या फक्त संयुजा, म्हणजे कोण किती इलेक्ट्रॉन देतो किंवा घेतो ते आकडे. सूत्र तुझं तुलाच जुळवता येतं.

हे बघ. सोडिअमचं इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, १. शेवटचा तो एकटा इलेक्ट्रॉन देऊन टाकला की आतलं अष्टक तयारच असतं. क्लोरीनचं २, ८, ७, म्हणजे त्याला एकच कमी. धातू देतो आणि धन आयन होतो, अधातू घेतो आणि ऋण आयन होतो, मग दोघं एकमेकांना घट्ट ओढून धरतात. इतकं घट्ट, की आपलं साधं मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात!

आता मॅग्नेशिअम, २, ८, २. त्याला द्यायचेत दोन आणि एक क्लोरीन घेणार एकच. मग क्लोरीन दोन लागणारच ना? ॲल्युमिनिअम तीन देतो, ऑक्सिजन दोन घेतो. दोन ॲल्युमिनिअमनी सहा दिले, तीन ऑक्सिजननी सहा घेतले. किराण्याच्या वहीत जमा-खर्च जुळवतेस ना, तसंच हे.

घाई असेल तेव्हा संयुजा तिरकस लिही, एकाची दुसऱ्याखाली, पण धातू नेहमी आधी. आणि दोन्ही आकड्यांना भाग जात असेल तर देऊन टाक. कॅल्शिअम ऑक्साइडमध्ये दोनास दोन येतात, त्याचं एकास एक कर. सूत्र आयनांचं लहानात लहान प्रमाण सांगतं, म्हणून.

कंसाला मात्र जप हं. विड्याच्या पानाला लावतात तो चुना म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड. त्यात हायड्रॉक्साइडची जोडी दोनदा येते, म्हणून ती कंसात आणि २ कंसाबाहेर. कंस गाळलास तर तो २ एकट्या हायड्रोजनला चिकटतो आणि ऑक्सिजन एकच उरतो. लोखंड दिसलं की नाव नीट वाच. फेरस असेल तर संयुजा दोन, फेरिक असेल तर तीन.

आज फक्त पाच जोड्या घे आणि प्रत्येक सूत्राखाली प्रभारांची बेरीज कर. शून्य आली आणि प्रमाण लहानात लहान असलं की उत्तर बरोबर. ते खात्रीनं सांगायला मग ना गाईड लागेल, ना मी.