मार खाल्लेला कुत्रा दत्तक घेताय? आधी हिशेब मांडा

दत्तक कुत्रा बहुधा फुकट मिळतो. पण साखळीला बांधून उपाशी ठेवलेल्या, काठीचा मार खाल्लेल्या कुत्र्याला पुन्हा माणसात आणायला पैसा लागतो आणि त्याहून जास्त वेळ. याचा अंदाज नसला की कुत्रा महिन्याभरात परत जातो आणि त्याचा माणसावरचा विश्वास आणखी उडतो. म्हणून घरी आणण्याआधीच हिशेब करा. खालचे आकडे १५-२० किलोच्या गावठी कुत्र्याचे, पुण्या-मुंबईतल्या खाजगी दवाखान्यांचे आणि अंदाजे आहेत.

पहिल्या महिन्याचा खर्च
• तपासणी आणि रक्ताच्या चाचण्या (यकृत, मूत्रपिंड, गोचीड ताप): २,५०० ते ५,००० रु.
• रेबीज आणि इतर आजारांच्या लसी, बूस्टरसह: १,५०० ते ३,००० रु.
• जंताचं आणि गोचिडांचं औषध: ८०० ते २,००० रु.
• नसबंदी: ५,००० ते १२,००० रु.
• हार्नेस, दोन पट्टे, अंथरूण, भांडी, फोन नंबरचा बिल्ला: २,५०० ते ५,००० रु.
एकूण: सुमारे १२,००० ते २७,००० रु.

गोचीड तापाची चाचणी टाळू नका. उपाशी, अशक्त कुत्र्यात हा आजार अनेकदा दडून असतो. त्याचा डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. कुत्रा तरतरीत दिसला म्हणून मध्येच थांबवू नका. लंगडत असेल तर एक्स-रे काढा. जुनं मोडलेलं हाड निघालं आणि शस्त्रक्रिया करावी लागली, तर खर्च २०,००० रुपयांच्या पुढे जातो. तेवढी रक्कम बाजूला ठेवूनच कुत्रा आणा.

भीतीवरचे उपचार
बहुतेक घरं हा खर्च धरतच नाहीत. केरसुणी उचलली की कोपऱ्यात दबणारा, पुरुषाचा आवाज ऐकून लघवी करणारा कुत्रा हट्टी नसतो, घाबरलेला असतो. वर्तनतज्ज्ञाची एक भेट १,५०० ते ३,००० रुपयांना पडते. चार ते सहा भेटी धरा, म्हणजे ६,००० ते १८,००० रु. गळा आवळणारी साखळी किंवा शॉक देणारा पट्टा सुचवणाऱ्याला पहिल्याच भेटीत नकार द्या. वेदनेने भीती वाढते आणि घाबरलेला कुत्रा चावतो. भीती फारच जास्त असेल तर पशुवैद्य औषध देतात. काही औषधांचा परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात.

घरी करायचं काम बिनपैशाचं, पण रोजचं आहे. जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा ठरलेल्या ठेवा. त्याच्या कोपऱ्यात कोणी जायचं नाही, हे मुलांना बजावून सांगा. जवळ यायचं की नाही हे त्याला ठरवू द्या. आला की उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. पहिले तीन महिने बाहेर हार्नेस आणि दोन पट्टे लावूनच न्या. फटाक्याच्या एका आवाजाने असा कुत्रा हात सोडवून पळतो.

दर महिन्याला
खाणं आणि गोचीड प्रतिबंध मिळून ३,००० ते ५,००० रु. महापालिकेचा परवाना काढा. त्यासाठी रेबीज लसीचा दाखला लागतो. शुल्क किरकोळ असतं.

पहिल्या वर्षाची बेरीज सुमारे ५५,००० ते १ लाख ५ हजार रु. शस्त्रक्रियेची रक्कम यात धरलेली नाही.

बचत कुठे होते?
नसबंदी आणि लसी झालेलाच कुत्रा संस्थेकडून घ्या आणि कागद मागून घ्या. परळचं बैलघोडा हॉस्पिटल, पुण्यातली रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट अशा संस्थांकडे चौकशी करा. महागड्या पाकिटबंद खाण्याऐवजी डॉक्टरांना विचारून चिकन, अंडी, भात, भोपळा घरी शिजवता येतो. कांदा, द्राक्षं आणि चॉकलेट मात्र कधीच नाही. तपासणी आणि वर्तनतज्ज्ञ यांत काटकसर करू नका.

होकार देण्याआधी विचारा
तो कोणाला घाबरतो? कधी चावला आहे का? इतर कुत्र्यांशी, लहान मुलांशी कसा वागतो? जमलं नाही तर संस्था परत घेते का? घरातल्या सगळ्यांनी त्याला दोन-तीनदा भेटून या.

छळ करणारा ओळखीचा असेल तर फोटो, तारीख आणि पशुवैद्याचा अहवाल घेऊन पोलिसांत तक्रार द्या. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड अवघा १० ते ५० रुपये आहे. प्राण्याला अपंग केलं किंवा मारलं असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावायला सांगा. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

हिशेब बसत नसेल तर काही आठवडे कुत्रा घरी सांभाळा आणि उपचारांचा खर्च संस्थेने करावा, असं ठरवून घ्या. अशा तात्पुरत्या घरांची संस्थांना सतत गरज असते, आणि शांत घरात राहिलेल्या कुत्र्याला कायमचं घर मिळणं सोपं जातं.