पहिलटकरणीचं घड्याळ

"पहिलटकरणीला वेळ लागतोच." बंगळूरला माझ्या बाळंतपणात हे सगळ्यांनी ऐकवलं: आईनं, सासूबाईंनी, ड्यूटीवरच्या सिस्टरनंही. ते खोटं नाही, म्हणून तर त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. पण हा वेळ मोजायचा कुठून?

माझं पाणी पहाटे गेलं होतं. संध्याकाळी गर्भपिशवीचं तोंड अर्ध्यावर उघडलं आणि तिथंच अडलं. रात्री ड्यूटी बदलली. नव्या डॉक्टरांनी "कळा कधीपासून?" विचारलं, तर सिस्टरनं एक वेळ सांगितली, नवऱ्यानं दुसरी. केसपेपरवरचा तक्ता कोराच होता. मग पाणी हिरवट दिसलं आणि घाईनं सिझर झालं. लेक रडली नाही, तिला थेट एनआयसीयूत नेलं. इकडे थकलेली पिशवी आकसेना, मला रक्त चढवावं लागलं. लेक आज शाळेत जाते. फिट्सचं औषध मात्र पुष्कळ काळ चाललं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या सूचनांप्रमाणे घड्याळ पिशवीचं तोंड 5 सेंटिमीटर उघडल्यापासून लावायचं. त्याआधीच्या कळा किती रेंगाळतील याला नियम नाही. 5 पासून पूर्ण उघडेपर्यंत पहिलटकरणीला सहसा 12 तासांहून जास्त लागत नाहीत, पुढे जोर करून बाळ बाहेर यायला 3 तासांहून जास्त नाहीत. तासाला एक सेंटिमीटर हा जुना हिशेब त्यांनीच बाजूला ठेवलाय, त्यामुळे तेवढ्यावरून सिझरची घाई कुणी केली तर कारण विचारा.

बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला तर नंतर त्याला 72 तास थंड ठेवतात, हे वाचून मला मोठा धीर आला होता. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या 408 बाळांवरचा हेलिक्स अभ्यास 2021 मध्ये छापून आला. बंगळूरची बाळंही त्यात होती. थंड ठेवलेल्यांपैकी 42 टक्के दगावली, न ठेवलेल्यांपैकी 31. म्हणजे राखण करायची ती कळांच्या वेळीच.

म्हणून सोबतीला असेल त्याला मोबाइलवर लिहायला बसवा: पाणी कधी गेलं, रंग कसा होता, दर तपासणीला किती सेंटिमीटर. बाळाचे ठोके सुरुवातीला 15 ते 30 मिनिटांनी आणि जोर करताना दर 5 मिनिटांनी ऐकायला हवेत. ते मिनिटाला साधारण 110 ते 160 असतात. कळा वाढवायचं सलाईन लावल्यावर 10 मिनिटांत पाचाहून जास्त कळा आल्या तर लगेच सिस्टरला हाक मारा, कारण दोन कळांमध्ये बाळाला पुरेसा प्राणवायू मिळायला उसंतच उरत नाही. वरून पोट दाबू देऊ नका. आणि नाव नोंदवतानाच विचारा, ऑपरेशन थिएटर, रक्त आणि एनआयसीयू एकाच इमारतीत आहे का? बंगळूरच्या सिल्क बोर्ड चौकातल्या गर्दीत अडकलेली अँब्युलन्स काय कामाची!

घरी आल्यावर लघवी नकळत सारखी झिरपत असेल तर लाजून लपवू नका. कळांमध्ये बाळाचं डोकं फार वेळ अडकलं की मूत्राशयाच्या भिंतीला रक्त पोचत नाही आणि काही दिवसांनी तिथं छिद्र पडतं. लवकर दाखवलं, तर लहान छिद्र कधीकधी नुसती नळी ठेवूनही भरून येतं.