मत न देणाऱ्याने राज्यकारभाराविषयी बोलावे काय?

मंडळीच्या अभ्यासासाठी. वाचावयाचे शास्त्रभाग: शास्ते ९:१-२१, आमोस ७:१०-१७, प्रेषितांची कृत्ये १६:३५-४०.

नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील ज्या ज्या खेड्यांत आमची मंडळी आहे, त्या त्या ठिकाणी निवडणूक आटोपली म्हणजे एक वाद हटकून उपस्थित होतो. कोणी पाण्याविषयी, रेशनाविषयी, रस्त्याविषयी अथवा दफनभूमीच्या जागेविषयी गाऱ्हाणे सांगू लागला की दुसरा त्यास विचारतो, "तू मत दिलेस काय? दिले नसशील तर आता तोंड उघडू नकोस." ऐकणारांस हे बोलणे न्यायाचे वाटते, आणि पुष्कळ गरीब मनुष्य ते ऐकून मान खाली घालून निघून जातो. उपदेशकांसही हा प्रश्न विचारण्यात येतो. यास्तव हे बोलणे कितपत खरे आहे, याचा आपण शास्त्राच्या व कायद्याच्या उजेडात शांतपणे विचार करू.

१. कायदा काय म्हणतो?

आपल्या राज्यघटनेने दोन अधिकार दोन वेगळ्या ठिकाणी दिले आहेत. ३२६ व्या कलमाने प्रत्येक प्रौढ नागरिकास मताचा अधिकार आहे. त्यासाठी वयाची अट पूर्वी २१ वर्षांची होती, ती ६१ व्या दुरुस्तीने १९८९ साली १८ वर्षांची झाली. बोलण्याचे स्वातंत्र्य १९ व्या कलमात आहे, आणि ते सर्व नागरिकांस आहे. त्यात मत दिल्याची अट कोठेही घातलेली नाही. इतकेच नव्हे, तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७९ व्या कलमात निवडणुकीच्या अधिकाराची व्याख्या करिताना मत देण्याबरोबर मत न देण्याचाही अधिकार सांगितला आहे. कायद्याने जे करण्याची मोकळीक दिली, ते केल्याबद्दल शिक्षा म्हणून कोणाचे तोंड बंद करिता येत नाही. ऑस्ट्रेलिया देशात १९२४ पासून मत देणे सक्तीचे आहे व सबळ कारणावाचून न देणारास दंड होतो. परंतु तेथेही दंड भरणारास सरकारवर टीका करण्याची मनाई नाही.

ग्रामसभेचीही हीच गोष्ट आहे. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो ग्रामसभेचा सभासद होय. त्याने गेल्या खेपेस मत दिले की नाही, हे विचारून त्यास खाली बसविण्याचा अधिकार सरपंचास नाही व ग्रामसेवकासही नाही. ही गोष्ट आमच्या लोकांनी नीट ध्यानात ठेवावी.

२. ज्यांस मतच नव्हते ते कसे बोलले?

आमोस हा तकोवा येथील गुराखी. तो यहूदाचा राहणारा असून इस्राएलाच्या राज्यात जाऊन बोलला. तेथील राजास निवडण्यात त्याचा काही हात नव्हता. बेथेलचा याजक अमस्या याने त्यास सांगितले की, आपल्या देशी जा आणि तेथे संदेश सांगून भाकर खा. "तू मत दिले नाहीस, तू बोलू नकोस," असे आज म्हणणारे लोक अमस्याचेच बोलणे निराळ्या शब्दांत बोलत असतात. आमोसाने आपला अधिकार कोणत्या आधारावर सांगितला? देवाने मला पाठविले, आणि गरिबावर जुलूम होत आहे, एवढ्याच आधारावर. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने हेरोदास त्याचे पाप तोंडावर सांगितले, तेही असेच.

आमच्या महाराष्ट्रातही उदाहरणे आहेत. पंडिता रमाबाई १८८९ साली मुंबई येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेत प्रतिनिधी म्हणून हजर होत्या. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी हेळसांड झाली, तिच्याविषयी त्यांनी वर्तमानपत्रात निर्भयपणे लिहिले. त्या काळी मुंबई इलाख्यात कोणत्याही स्त्रीस कायदेमंडळाचे मत नव्हते; ते १९२१ साली मिळाले, आणि १९२२ साली बाई प्रभूकडे गेल्या. मताची वाट पाहत त्या गप्प बसल्या असत्या, तर त्यांच्या आयुष्यातील बहुतेक साक्ष बोलावाचूनच राहिली असती.

मराठवाड्यातील आमच्या वाडवडिलांचा विचार करा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. येथील सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांनी पहिल्याने मत दिले ते १९५१-५२ च्या निवडणुकीत. त्यापूर्वी ज्यांनी निजामाच्या कारभाराविरुद्ध आवाज काढला, त्या स्वामी रामानंद तीर्थांस व त्यांच्या सोबत्यांस "तुम्ही मत दिले काय?" असे विचारणे हास्यास्पद झाले असते. म्हणून पहिला सिद्धांत असा की, अन्यायाविरुद्ध बोलण्याचा अधिकार मतातून उत्पन्न होत नाही. तो सत्यातून व शेजाऱ्यावरील प्रीतीतून उत्पन्न होतो.

३. तर मग मत देण्याचे अगत्य नाही काय?

असे कोणी समजू नये. शास्ते पुस्तकाच्या ९ व्या अध्यायात योथामाचा दृष्टांत आहे. झाडे आपणांसाठी राजा शोधावयास निघाली. जैतुनाने, अंजिराने व द्राक्षवेलीने आपापले काम सोडून राज्य करावयास नकार दिला. तेव्हा काटेरी झुडूप राजा झाले, आणि त्यातून अग्नी निघण्याचे भय सर्वांवर आले. चांगली झाडे आपापल्या ठिकाणी चांगलीच होती. ती केवळ दूर राहिली, आणि त्या दूर राहण्याचे फळ वनातील सर्व झाडांच्या वाट्यास आले.

याच अध्यायात दुसरीही गोष्ट आहे. अबीमलेखास राजा केले ते शखेमकरांनी. योथामाचा त्यात काही भाग नव्हता. तरी त्याने गरिज्जीम डोंगराच्या शिखरावर उभे राहून मोठ्याने त्यांच्या पदरी दोष घातला, आणि शास्त्र त्यास याबद्दल दोष देत नाही. म्हणजे एकाच अध्यायात दोन धडे आहेत: जो निवडीत नव्हता तोही बोलू शकतो, आणि चांगले लोक दूर राहिले म्हणजे काटेरी झुडूप पुढे येते. एक धडा घेऊन दुसरा टाकू नये.

आता आपल्याच जिल्ह्यांकडे पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये नांदेडच्या लोकसभेच्या जागेसाठी पोटनिवडणूक झाली. मतदार अठरा लाखांहून अधिक. आणि जय-पराजयाचे अंतर १,४५७ मतांचे. एक-दोन मतदान केंद्रांच्या याद्यांत मिळून जितकी नावे असतात, सुमारे तितकेच हे अंतर होय. "माझ्या एका मताने काय होणार?" असे म्हणून घरी राहिलेली माणसे त्या जिल्ह्यात १,४५७ हून किती तरी अधिक होती.

लातूर ग्रामीण मतदारसंघातील २०१९ च्या विधानसभेच्या निवडणुकीची गोष्ट तर सर्व देशभर गाजली. तेथे निवडून आलेल्या उमेदवारास १,३५,००६ मते पडली, आणि दुसऱ्या क्रमांकावर कोणी मनुष्य नव्हता. 'वरीलपैकी कोणीही नाही' या बटणास २७,५०० मते पडली होती. त्याची कारणे काय, याविषयी पुष्कळ वाद झाला. तो येथे आमचा विषय नव्हे. पुढे २०२४ साली त्याच मतदारसंघात सुमारे साडेसहा हजार मतांनी निकाल फिरला व दुसऱ्या पक्षाचा उमेदवार निवडून आला.

हे बटण, ज्यास लोक 'नोटा' म्हणतात, सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने आले. त्यापूर्वी ज्यास कोणताही उमेदवार पसंत नसे, त्यास मतदान केंद्रावरील अधिकाऱ्यास तसे सांगून नोंदवहीत सही अथवा अंगठा करावा लागे, आणि त्यामुळे त्याचे मन गावास कळे. आता ते गुप्तपणे सांगता येते. विधानसभेच्या व लोकसभेच्या निवडणुकीत या मतांनी निकाल बदलत नाही, हे खरे आहे. उमेदवारांत ज्यास अधिक मते तोच निवडून येतो. तरी त्या २७,५०० लोकांचे 'नाही' मोजले गेले व छापले गेले. जे घरी बसले त्यांच्यात कोण आजारी होता, कोण रागावला होता, कोण आळसाने निजला होता, हे कोणीही मोजले नाही. घरी बसण्यास जीभ नसते.

४. मत न देणारे तीन प्रकारचे

पहिला, ज्यास अडचणीने देता आले नाही. मुकादमाची उचल घेऊन कोयता हाती घेतलेला आमचा बंधू बायकोमुलांसह परमुलखी उसाच्या फडात असतो. २०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरास झाले, ते नेमके टोळ्यांच्या हंगामात. यादीतून नाव गळालेली विधवा, अंथरुणास खिळलेला म्हातारा, हेही याच वर्गात येतात. अशांस "तू मत दिले नाहीस" म्हणून टोचणे हे जखमेवर मीठ चोळणे होय. ज्या दुःखाने त्यास गावाबाहेर घालविले, त्याच दुःखाविषयी बोलावयास त्यास मनाई करावी काय?

दुसरा, जो विचार करून, विवेकबुद्धीस स्मरून मत देत नाही. आमच्या लोकांत यास एक विशेष कारण आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झालेल्यास मिळत नाही. तो पुढे १९५६ साली शिखांस व १९९० साली बौद्धांस लागू झाला. म्हणून लातूरची लोकसभेची जागा, उदगीर व देगलूर या विधानसभेच्या जागा राखीव असल्या, तरी त्यांवर आमच्यापैकी कोणास उभे राहता येत नाही. कित्येक तरुण म्हणतात, "जेथे आम्हांस उभे राहता येत नाही, तेथे मत तरी का द्यावे?" त्यांचे दुःख खरे आहे, आणि त्यांनी ते बोलून दाखविलेच पाहिजे. १९२० साली राष्ट्रीय सभेने कायदेमंडळाच्या निवडणुकीवर बहिष्कार घातला, तेव्हा तिने आपले कारण देशभर सांगितले. कारण न सांगता केलेला बहिष्कार व आळस हे दुरून सारखेच दिसतात. तथापि आमची सूचना अशी की, उभे राहण्याची वाट बंद असली तरी मताची वाट उघडी आहे. ती आपल्या हाताने बंद करू नये. फिलिप्पै येथे पौलाने आपल्या रोमी नागरिकत्वाचा हक्क टाकून दिला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावे असे तो म्हणाला. त्यायोगे मागे राहणाऱ्या लहान मंडळीसही आधार झाला असेल.

तिसरा, जो केवळ आळसाने अथवा बेपर्वाईने मत देत नाही. दबोरेच्या गीतात मेरोज गावास शाप आहे, कारण संकटाच्या वेळी ते मदतीस आले नाही. आणि रऊबेनाचे लोक मनात मोठमोठे विचार करीत मेंढवाड्यातच बसून राहिले. अशा मनुष्याचा बोलण्याचा अधिकार जात नाही, परंतु बोलण्याचे वजन जाते. ज्याने घरास आग लागली असता घागर उचलली नाही, तो पुढे विझविणारांच्या चुका सांगू लागला, तर त्या चुका खऱ्याही असतील. पण त्यास प्रथम आपल्या घागरीचा हिशेब द्यावा लागेल.

येथे आणखी एक मनुष्य आठवावा. तो मतदानास गेला खरा, परंतु आदल्या रात्री पाचशे रुपये घेऊन गेला. तो मोठ्या तोऱ्याने म्हणतो, "मी मत दिले आहे, मला बोलण्याचा हक्क आहे." बंधूंनो, ज्याने मत विकले त्याचे बोलणे मत न देणारापेक्षाही हलके झाले आहे. बोटावरील शाई हे प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र नव्हे.

५. टीका कशी करावी?

ख्रिस्ती मनुष्याच्या टीकेस तीन कसोट्या असाव्यात. ती खरी असावी: ऐकीव गोष्ट सांगू नये, माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे, त्याखाली अर्ज करून कागद पाहावा. ती योग्य ठिकाणी असावी: पारावर शंभर वेळा कुरकुर करण्यापेक्षा ग्रामसभेत एकदा उभे राहून ठरावाच्या वहीत नोंद करून घेणे बरे. आणि ती सेवेसह असावी: जो विहिरीविषयी बोलतो, त्याने गाळ काढण्याच्या दिवशी फावडे घेऊन यावे. २०१६ च्या एप्रिलात लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या दुष्काळाविषयी बोलण्याचा अधिकार प्रत्येक तहानलेल्यास होता. परंतु ज्यांनी पुढे ओढ्याचे खोलीकरण केले, त्यांचे बोलणे लोकांनी अधिक ऐकले.

६. उपदेशकांस सूचना

कोणास मत द्यावे, हे व्यासपीठावरून अथवा प्रार्थनेत सांगू नये. धर्माच्या नावाने मत मागणे हा निवडणुकीच्या कायद्याने भ्रष्टाचार आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ रोजी त्या नियमाचा अर्थ अधिकच व्यापक केला आहे. परंतु यादीत नाव आहे की नाही हे पाहण्यास वृद्धांस मदत करावी. टोळीवर जाणारांस मतदानाचा दिवस आगाऊ सांगावा. राज्यकर्त्यांसाठी, मग ते आपल्या मताने आलेले असोत वा नसोत, नित्य प्रार्थना करावी. आणि मंडळीत कोणी गरीब मनुष्य आपले गाऱ्हाणे सांगू लागला, तर त्याच्या बोटावर शाई आहे की नाही हे प्रथम पाहू नये. प्रथम त्याचे गाऱ्हाणे ऐकावे. ते खरे ठरल्यास त्याच्याबरोबर ग्रामसभेस जावे. मग पुढच्या मतदानाच्या दिवशी त्यास हात धरून केंद्रापर्यंत न्यावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. अमस्याने आमोसास गप्प का बसविले? आपल्या गावात असे कोणास गप्प बसविले जाते?
२. योथामाच्या दृष्टांतातील चांगल्या झाडांचा दोष कोणता?
३. आपल्या मंडळीत गेल्या खेपेस ज्यांनी मत दिले नाही, ते वरील तीन प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात येतात? पहिल्या प्रकारच्यांस पुढील खेपेस काय मदत करिता येईल?
४. पुढील ग्रामसभेत मांडण्याजोगी एक खरी गोष्ट कोणती, व ती कोण मांडील?