दोन रंगांचे विणकाम : छोट्या पिशवीतून मोठा पाठ



आज एक फसलेला स्वेटर आणि त्यातून मी शिकलेला पाठ सांगते. सुलट-उलट विणकाम मला येत होतं. म्हणून एकदम मुलीचा स्वेटर हाती घेतला, छातीवर दोन रंगांची नक्षी. शाळा सुटल्यावर रोज थोडं थोडं असे दोन महिने विणलं. घालून पाहिला तर नक्षीची पट्टी आखडलेली. मुलगी म्हणाली, "छान आहे गं आई, फक्त श्वास घेता येत नाही!" स्वेटर कपाटात गेला, थंडीही संपली.

चूक कुठे झाली? दोन रंगांच्या विणकामात एक रंग विणताना दुसरा धागा मागून न्यावा लागतो. तो मी ओढून नेत होते. मागचा धागा ताणला की पुढचं कापड गोळा होतं आणि ताणलं जात नाही. ही चूक दहा ओळींत कळली असती, पण मी ती दोन महिने विणत राहिले.

मग सगळा स्वेटर उसवला आणि एक छोटी पिशवी करायला घेतली. तुम्हीही करून पाहा.

साहित्य : मध्यम जाडीची लोकर, एक गडद आणि एक फिका गुंडा, ४ मि.मी.च्या दोन सुया. रंग निवडताना मोबाईलवर दोन्ही गुंड्यांचा कृष्णधवल फोटो काढा. फोटोत दोन्ही सारखेच दिसले, तर नक्षी उठून दिसणार नाही.

कृती :
१) गडद रंगाने २६ टाके घाला. २४ नक्षीचे आणि कडेचा एकेक शिवणीसाठी. कडेचे टाके नेहमी गडदच ठेवा.
२) पहिली ओळ सुलट : २ गडद, २ फिके, असं ६ वेळा.
३) दुसरी ओळ उलट : गडदावर गडद, फिक्यावर फिका. मागचा धागा आता तुमच्या बाजूला दिसेल, घाबरू नका.
४) तिसऱ्या-चौथ्या ओळीत रंगांची अदलाबदल करा. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन दिसू लागतील.
५) ६० ओळी झाल्या की टाके बंद करा, मधोमध दुमडा, दोन्ही बाजू शिवा. झाली पिशवी!

रंग बदलताना उजव्या सुईवरचे टाके बोटांनी नीट पसरवा, मगच नवा धागा घ्या. नक्षीत एकच रंग सलग पाचाहून जास्त टाके असेल, तर मागचा धागा मध्ये एकदा विणत्या धाग्यात अडकवून घ्या, नाहीतर त्यात बोटं अडकतात.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांपैकी फेअर आयल हे छोटं बेट अशाच विणकामासाठी जगभर प्रसिद्ध आहे. तिथल्या स्वेटरमध्ये कितीतरी रंग असतात, पण एका ओळीत सहसा दोनच. म्हणजे अवघड दिसणारं कामही एका वेळी दोनच धाग्यांचं असतं!

वर्गातही हे वापरता येईल. चौकटीच्या वहीत मुलांना ४ चौकोनांची नक्षी रंगवू द्या. मग विचारा, "२४ टाक्यांत ती किती वेळा बसेल? नक्षी ५ टाक्यांची असेल तर?" २४ ला ५ ने पूर्ण भाग जात नाही, हे मुलं रंगवतानाच ओळखतात. चौथी-पाचवीच्या मुलांना कार्यानुभवात जाड, बोथट सुया देऊन आधी एकरंगी पट्टी शिकवा.

माझी पहिली पिशवी वाकडी झाली, दुसरी बरी, तिसरी मुलीने कंपासपेटी म्हणून पळवली. आता मी स्वतःला एक सवलत दिली आहे : प्रत्येक पिशवीला एकच नवा गुंडा. नवी लोकर हातात घेऊन कुरवाळायची मजा मिळते आणि खर्चही आवाक्यात राहतो.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. दोन वाक्यं नीट लिहू न शकणाऱ्या मुलाला मी दहा ओळींचा निबंध देत होते आणि महिनाअखेरीस चुका मोजत होते. तो त्याचा स्वेटरच होता ना? आता मी दोन ओळी देते, त्याच दिवशी पाहते. चुकलं तर दोघं मिळून उसवतो. दोन ओळी उसवताना कोणालाच रडू येत नाही.

तुम्ही या आठवड्यात तुमच्या मुलाला कोणती 'छोटी पिशवी' देणार आहात?