व्हेंटिलेटरचा श्वास आणि फुप्फुसांचा दाह

दरवर्षीप्रमाणे रुग्णालयाच्या कामकाजातील एका विषयाची माहिती देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या आप्तेष्टांपुढे ठेवीत आहोत. आम्ही वाणिज्य शाखेचे. त्यामुळे वैद्यकीय भाग डॉक्टर मंडळींकडून समजून घेऊनच लिहिला आहे.

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले नातेवाईक आम्हांस विचारतात, "साहेब, मशीन जरा वाढवता येणार नाही का?" प्रश्न मायेपोटी असतो, उत्तर मात्र अनपेक्षित वाटते.

न्यूमोनिया, रक्तातील जंतुसंसर्ग किंवा मोठी इजा यांमुळे कधी कधी दोन्ही फुप्फुसांना एकाएकी सूज येते, वायुकोशांत द्रव झिरपतो आणि रक्तास प्राणवायू पुरेनासा होतो. १९६७ साली डॉ. अ‍ॅशबॉ व सहकाऱ्यांनी १२ रुग्णांवरून या अवस्थेचे वर्णन केले. आज तिला 'एआरडीएस' म्हणतात. ती तीव्र झाल्यास व्हेंटिलेटरवाचून गत्यंतर नसते. परंतु हे यंत्र हवा दाबाने आत ढकलते. इटलीतील डॉ. गॅटिनोनी यांनी सीटी स्कॅनवरून दाखविले, की अशा रुग्णाच्या फुप्फुसाचा हवा घेणारा भाग लहान मुलाच्या फुप्फुसाएवढाच उरलेला असतो. प्रौढ माणसाचा पूर्ण श्वास तेवढ्या भागात कोंबला, तर तो अतिताणला जातो. त्या ताणाने पेशी दाह वाढविणारी द्रव्ये सोडतात. ती रक्तात उतरून मूत्रपिंडासारख्या दूरच्या अवयवांनाही बाधतात.

अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. एका गटास दर किलोमागे १२ मिलिलिटर, दुसऱ्यास ६ मिलिलिटर इतका श्वास ठरविला होता. पहिल्या एक-दोन दिवसांत कमी श्वासाच्या गटातील प्राणवायूचे आकडे उलट थोडे खालचेच होते! तरीही मृत्यूचे प्रमाण मोठ्या श्वासाच्या गटात ३९.८ टक्के, तर लहान श्वासाच्या गटात ३१ टक्के राहिले, आणि रक्तातील दाहदर्शक द्रव्यही लहान श्वासाच्या गटातच अधिक घटले. अभ्यास मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. हिशेबाच्या माणसास यातील एक गोष्ट विशेष वाटते: यासाठी नवे यंत्र लागले नाही, नवे औषधही नाही.

येथे किलो म्हणजे काट्यावरचे वजन नव्हे. ते उंचीवरून काढतात, कारण पोट वाढले म्हणून फुप्फुस वाढत नाही. १७० सेंटिमीटर उंचीचा पुरुष ९० किलोंचा असला, तरी हिशेब ६६ किलोंचा, म्हणजे सुमारे ४०० मिलिलिटरचा. आमच्या विभागातील जुने केसपेपर चाळले, तेव्हा कित्येकांवर उंचीची नोंदच नव्हती, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. आता प्रत्येक खाटेशी मोजण्याची टेप ठेवली आहे आणि दाखल होताच उंची लिहिली जाते.

तीव्र आजारात रुग्णास दिवसाचे सोळा तास पालथे ठेवण्याचाही उपयोग होतो. २०१३ सालच्या फ्रेंच अभ्यासात, २८ दिवसांअखेर, त्यामुळे मृत्यूचे प्रमाण ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आले. मात्र नळ्या सांभाळून रुग्ण पालथा करण्यास चार-पाच प्रशिक्षित माणसे एका वेळी लागतात, रात्रीसुद्धा. यंत्रासाठी देणगी सहज मिळते. रात्रपाळीच्या परिचारिकांच्या वेतनासाठी क्वचितच. विश्वस्तांनी याचा विचार करावा, ही विनंती.

नातेवाइकांनी आपला रुग्ण पालथा दिसल्यास, चेहऱ्यावर सूज दिसल्यास घाबरून जाऊ नये. पाळीवरील सिस्टरांना जरूर विचारावे. त्या यंत्रावरील आकडा समजावून सांगतील.