गाडी चाललीच कुठं?

‘काका, गाडी चाललीच कुठं?’ हे वाक्य आता कोणी उच्चारलं तरी माझं डोकं फिरतं. आमच्या गॅरेजवाल्यानं ते मला लागोपाठ तीन वर्षं ऐकवलं. दरवेळी मी विचारायचो, ऑइल बदलायचं का? तो काट्याकडे बघायचा आणि म्हणायचा, ‘दहा हजार झाले की बघू. उगाच पैसे कशाला घालवता?’ असा प्रामाणिक माणूस पुण्यात मिळाला म्हणून मी चार जणांना त्याचा नंबरही दिला. एकदा त्यानं पिंपातलं अर्धा लिटर कसलंसं ऑइल वरून ओतलं, तेवढंच.

तीन वर्षांत सात हजार किलोमीटर. मंडई, बँक, नातवाची शाळा. एका वेळी दोन किलोमीटरच्या वर गाडी क्वचितच गेली असेल.

मग साताऱ्याला लग्नाला निघालो. खंबाटकीच्या चढाला तो किटलीसारखा लाल दिवा वळणावर लुकलुकला आणि विझला. पुढच्या वळणावर लागला तो लागलाच. ‘अहो, हा कसला दिवा?’ हिनं विचारलं. मी म्हटलं, वर पोचल्यावर बघू. ते ‘वर पोचल्यावर’ मला केवढ्याला पडलं ते पुढे येईलच. माथ्यावर पोचेपर्यंत इंजिनातून खडखड सुरू झाली होती.

साताऱ्याच्या मेस्त्रीनं दुसऱ्या दिवशी खालचं चेंबर उतरवलं आणि मला हाक मारली. आत ऑइल असं नव्हतंच. करपलेल्या कढईच्या तळाला राहतं तसलं काळं, चिकट काहीतरी. पंप जिथून ऑइल ओढतो ती जाळी त्यानं बोटानं खरवडून दाखवली. ‘यातून वर काय जाणार, काका?’ किती किलोमीटर झाले ते त्यानं विचारलं. मी सात हजार सांगितले, जरा ताठ मानेनंच. मग तो म्हणाला, ‘आणि महिने?’

महिने! तीन वर्षांत हा प्रश्न मला एकानंही विचारला नव्हता.

त्यानं समजावलं ते असं. पेट्रोल जळताना वाफ तयार होते. थंड इंजिनात ती वाफ आणि न जळलेलं थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. गाडी वीस-पंचवीस मिनिटं सलग चालली तर ऑइल तापून ते उडून जातं. दोन किलोमीटरवर बंद केली तर तिथंच मुरतं, आणि त्याचाच पुढे गाळ होतो. म्हणजे कमी चालणारी गाडी ऑइलला जास्त छळते. डॅशबोर्डच्या कप्प्यातलं पुस्तक मी त्या दिवशी पहिल्यांदा प्लॅस्टिकमधून काढलं. स्वच्छ लिहिलं होतं: १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी होईल ते. खाली बारीक अक्षरात, सतत जवळच्या फेऱ्या किंवा धूळ असेल तर याच्याही आधी.

क्रँक, बेअरिंगं, पंप, मजुरी मिळून ४८,००० रुपये. वाचवले होते जेमतेम नऊ हजार. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणतो, ‘काका, लाल दिवा लागल्यावर गाडी चालवायची नसते हो.’ हे खरं आहे, म्हणूनच जास्त झोंबलं.

तेव्हा तुमच्यासाठी सांगतो. ऑइलचा तो लाल दिवा लागला की तिथंच, घाटात असलात तरी, गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. काट्याबरोबर कॅलेंडरही बघा. महिन्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पट्टी काढून पातळी पाहा. रंगावर जाऊ नका, डिझेल गाडीचं ऑइल चार दिवसांत काळं होतंच. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून साईसारखा पांढरट थर दिसला तर गाडी एकदा तासभर हायवेवर पळवून आणा. थर पुन्हा आला किंवा कूलंट कमी होत असेल तर मेस्त्रीला दाखवा. ग्रेड पुस्तकातलीच. ‘जाड टाकू, घाटात बरं’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा. बदलताना समोर उभे राहा, जुनं पूर्ण गळू द्या, फिल्टर नवा लावून घ्या, नटाखालचा वॉशरही. माझ्या गाडीत तीन लिटरच्या आसपास मावतं आणि बिलं चारची होतात, म्हणून उरलेलं डब्यासकट घरी आणतो. रिकाम्या डब्याला भोक पाडतो, त्यात पुन्हा कोणी काही भरून विकू नये म्हणून. दर तीन हजारांना बदला म्हणणारेही भेटतील, त्यांना त्यांचं दुकान चालवायचं असतं. बाकी टायरची हवा, बॅटरी वगैरे तुम्हाला माहीत आहेच.

परवा तो गॅरेजवाला रस्त्यात भेटला. राग धरू नका म्हणाला, पुढचं ऑइल फुकट बदलून देतो. मी विचारलं, कधी? त्यानं वाकून काट्याकडे बघितलं.