रेघ बघ, गाडी कोणाची ते नको बघू

मनू, गाडी घेतलीस ते फार बरं केलंस. आता सेवाग्रामहून हिंगणघाटला जायचं म्हणजे एसटीच्या वेळेला जीव टांगायला नको. क्लच-गिअरचं मी काही सांगत नाही, तुझा हात चांगला बसलाय. मला बोलायचंय ते ओव्हरटेकबद्दल आणि लोकांच्या तोंडाबद्दल. या दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत, म्हणून एकदमच सांगते.

तू रस्त्यावर निघालीस की मागचा हॉर्न वाजवणार. काचेतून बघणार, "अरे, बाई चालवतेय" म्हणणार आणि अंगावर आल्यासारखा कट मारून पुढे जाणार. हे होणार, मनाची तयारी ठेव. अशा वेळी पोरींचं दोनपैकी एक होतं. एकतर घाबरून गाडी साइडपट्टीवर घालतात. आपल्याकडची काळी माती, पावसानंतर डांबराची कड तुटलेली असते. एक चाक खाली उतरलं की गाडी ओढली जाते. नाहीतर चिडून, मी काय कमी आहे का म्हणत, जिथे जायला नको तिथे ओव्हरटेक मारतात. दोन्ही वेळेला स्टिअरिंग तुझ्या हातात असतं, पण गाडी मागचा माणूस चालवत असतो. तेवढं होऊ देऊ नकोस.

आणि बायकांना जमत नाही, हे कोणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नकोस. आपल्या शेजारच्या यवतमाळात २०१९ साली आदिवासी मुलींना एसटीच्या चालक म्हणून तयार करायला सुरुवात झाली. २०२३ पासून राज्यात बायका प्रवासी भरलेली एसटी चालवताहेत. गाडीला चालवणारा बाई की बाप्या ते कळत नाही.

पण मनू, हाच न्याय तूही इतरांना लाव. तुझ्याही डोक्यात शिक्के आहेतच की. थारवाला म्हणजे माजलेला, काळी-पिवळीवाला म्हणजे जीवावर उदार, एमएच ३१ दिसली की नागपूरचे घाईवाले, जुन्या मारुतीत आजोबा दिसले की आता हे रांगत जाणार. २०२५ च्या नोव्हेंबरात हरयाणाचे पोलीस महासंचालक थार आणि बुलेटवाल्यांबद्दल असंच सरसकट बोलले, तेव्हा केवढा गदारोळ झाला. या शिक्क्यांनी नुसता अन्याय होत नाही, धोकाही वाढतो. आजोबांची गाडी हळूच असणार असं धरून तू बाहेर निघतेस, आणि नेमके त्याच वेळी ते शेताच्या वाटेकडे उजवीकडे वळतात. काळी-पिवळीवाला थांबणारच नाही असं धरतेस, आणि कोणीतरी हात केला म्हणून तो जागच्या जागी ब्रेक लावतो. समोरच्याचा वेग बघ, चाकं कुठे वळताहेत ते बघ, ब्रेकचा दिवा बघ. नंबरप्लेट आणि मॉडेल बघून काहीही ठरवू नकोस.

ठरवायचं ते रस्त्यावरच्या रेघेवरून. मधली रेघ तुटक असेल, तर समोर मोकळं असताना ती ओलांडता येते. सलग असेल, पांढरी असो की पिवळी, ओव्हरटेकसाठी ओलांडायची नाही. दोन सलग रेघा असल्या तर विषयच संपला. एक सलग आणि एक तुटक अशी जोडी असेल, तर तुझ्या बाजूला जी आहे ती तुझी. सलग रेघ मारतात ती उगीच नाही. पुढे वळण असतं, चढाचा माथा असतो, पूल असतो, तिथून समोरचं दिसत नाही. तुला जे दिसत नाही ते ती रेघ आधीच सांगत असते.

आता हिशेब बघ. तू ताशी ७० ने निघालीस आणि समोरून कोणी ८० ने येतंय. एका सेकंदाला तुमच्यातलं अंतर ४० मीटरहून जास्त कमी होतं. एक ट्रॅक्टर-ट्रॉली ओलांडायला सात सेकंद लागले, तर जवळजवळ तीनशे मीटर संपले. रस्ते बांधणारे इंजिनिअर दुपदरी रस्त्यावर ८० च्या वेगाला ओव्हरटेकसाठी ४७० मीटर समोरचं दिसायला हवं असं धरतात. म्हणजे लांबवर ठिपक्याएवढा दिसणारा ट्रकसुद्धा जवळच असतो, हे कायम ध्यानात ठेव.

दिवाळीनंतर कापूस निघाला की तुझी खरी परीक्षा. हिंगणघाटच्या बाजाराला निघालेल्या ट्रॉल्या दोन्ही अंगांनी फुगलेल्या असतात, ताडपत्री बाहेर आलेली, मागचा दिवा असला तर कापसाआड गेलेला. ट्रॉलीच्या शेपटाला चिकटून डोकावलंस तर काहीच दिसणार नाही. उलट मागे राहा. जितकी मागे राहशील तितका समोरचा रस्ता उघडा होतो. ट्रॅक्टरवाला इंडिकेटर देईल, हातही करेल. त्याचा उजवा इंडिकेटर "मी वळतोय" म्हणून आहे की "आता येऊ नको" म्हणून, आणि डावा "जा पुढे" म्हणून आहे की खरंच डावीकडे जायचंय म्हणून, हे त्याचं त्यालाच माहीत. त्याने साइड दिली तरी जायचं ते तुझ्या डोळ्यांनी बघून. आणि सूर्य मावळल्यावर, लाइट नसलेली बैलबंडी पुढे असू शकते असं धरूनच चाल.

बऱ्याच ठिकाणी तुला रेघच दिसणार नाही. रंग पुसला गेलेला असतो, नाहीतर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल वर बसलेला असतो. रेघ नाही म्हणजे मुभा आहे, असं नसतं गं. वळण, पूल, चौक, गावाची वेस, शाळा, इथे सलग रेघ आहेच असं समजायचं.

चौपदरी नागपूर रोडवर वेगळीच गंमत. ट्रक उजवी लेन धरून बसतात, मागच्यांना वाटतं डावीकडून काढावी. डावीकडे बिघडून उभा असलेला ट्रक असतो, ढाब्यावरून राँग साइडने निघालेली मोटारसायकल असते. डिपर दे, थोडा धीर धर.

कोणी तुला ओव्हरटेक करत असेल तर वेग वाढवायचा नाही, नियमातच तसं आहे. आणि नियम मोडून केलेला ओव्हरटेक २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, धोकादायक वाहन चालवणं या सदराखाली येतो. पहिल्याच वेळी किमान सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत कैद, किंवा १ हजार ते ५ हजार दंड, किंवा दोन्ही. पण दंडाचं सोड. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यांतली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. समोरून येणाऱ्या ज्याला बारीक समजून तू गाडी बाहेर काढतेस, तो दुचाकीवाला त्या आकड्यातला होऊ शकतो.

सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्यापाशी तर ओव्हरटेकच नको. खेड्यापाड्यांतून आलेले नातेवाईक डबा, औषधांची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत असतात, लक्ष सगळं आतल्या पेशंटकडे. पुढची गाडी उगीच थांबलेली दिसली, तर तिच्यासमोरून कोणी चालतंय हेच आधी मनात आण.

आपल्या वर्धा–सेवाग्राम रस्त्याची झाडं २०२० साली रुंदीकरणासाठी तोडायला घेतली, तेव्हा गावातले लोक पुढे झाले आणि झाडांसाठी भांडले. मला त्याचा फार अभिमान आहे. पण मग रुंद नको, सावलीचा रस्ता हवा असेल, तर त्यावर सावलीत चालल्यासारखं सावकाशच चालवायला हवं. पाच मिनिटं उशीर चालेल.

रविवारी गाडी घेऊन ये. मी शेजारी बसते, हिंगणघाटपर्यंत जाऊन येऊ. मागचा कितीही हॉर्न वाजवो, ओव्हरटेक करायचा की नाही हे तू एकटीने ठरवायचंस. मी मधे बोलणार नाही.